दुसरं वाचन

वेल्टनच्या शाळांच्या धोरणांची जाडजूड फाइल माझ्या टेबलावर असते, आणि तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक कलमामागे एकेक पोर उभं आहे. धोरणात नाव घालायचं नसतं. पण गावात कुणालाही विचारा. शाळेच्या बसमध्ये जिवंत प्राणी आणू नयेत, हे कलम म्हणजे क्रूगरांची जुळी आणि त्यांचं ते रकून. परवानगीशिवाय छतावर चढू नये, म्हणजे डेल, जो आज आमच्या बँकेचा मॅनेजर आहे आणि टाय लावून फिरतो. मी आर्डिथ पोस्पिशिल. चोवीस वर्षं शाळांच्या बोर्डाची सचिव आहे. ही सगळी कलमं माझ्याच हातून टाइप झालीत, त्यामुळे निम्मं गाव मला कलमाच्या नंबरानं आठवतं.

धोरण होतं कसं, ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कुणीतरी चिडतं किंवा रडतं. बोर्ड ते प्रकरण धोरण समितीकडे ढकलतं. समिती राजधानी लिंकनहून शाळा-बोर्डांच्या राज्य संघटनेचा तयार मसुदा मागवते, त्यात गाळलेल्या जागा असतात, त्या भरते. मग बोर्डापुढे पहिलं वाचन. सहाच्या सहा सभासद हात वर करतात आणि अध्यक्ष म्हणतात, 'मंजूर.' नवख्याला वाटतं, झालं. झालेलं काही नसतं. कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेऊ द्यावी म्हणून एक महिना थांबायचं, आणि पुढच्या सभेत दुसरं वाचन. ते मंजूर झालं की मग धोरण लागू. सभा महिन्यातून एकदाच, दुसऱ्या सोमवारी, संध्याकाळी सात वाजता, शाळेच्या लायब्ररीत.

दुसरं वाचन टाळायचीही सोय आहे. सहापैकी चौघांनी हात वर केले तर ते माफ करता येतं आणि धोरण त्याच संध्याकाळी लागू होतं. ही सोय माझ्या देखत पहिल्यांदा वापरली ती कोल्टरमनच्या पोरासाठी. पोरगा फुटबॉलमध्ये बैल, दोन विषयांत नापास, आणि नापासांनी खेळायचं नाही असं आमचंच धोरण. शुक्रवारी बाद फेरीचा सामना. सोमवारी लायब्ररीत पाय ठेवायला जागा नव्हती. एक विषय गेला तरी चालेल, दोन गेले तरी चालतील, असं ते कलम बदलत बदलत पहिलं वाचन झालं, आणि मी बोलले. मी म्हटलं, "रेक्स, दुसरं वाचन राहिलंय. ते पुढच्या महिन्यात."

रेक्स होलमन म्हणजे बोर्डाचा अध्यक्ष. गावाबाहेर धान्याची जी चार उंच कोठारं दिसतात, ती त्याची. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आर्डिथ, बाई गं," तो म्हणाला, "तुला आम्ही लिहायला ठेवलंय. बोलायला नाही. बोलायला लोकांनी आम्हाला निवडून दिलंय."

लायब्ररी हसली. सगळी. मी ज्यांच्या पोरांचे दाखले काढून दिले ती माणसं हसली, माझ्या चर्चमधल्या बायका हसल्या. आमच्या शाळांचे प्रमुख, सुपरिंटेंडेंट डॉक्टर स्ट्रूप, फाइल चाळत बसले होते, त्यांनी ते माफीचं कलम शोधून काढलं. सहा हात वर झाले. शुक्रवारी कोल्टरमन खेळला आणि आम्ही एकेचाळीस-सहा असे हरलो. घरी मी नवऱ्याला सांगितलं तर लेरॉयही हसला. म्हणाला, "खोटं काय बोलला तो?"

त्या महिन्याच्या इतिवृत्तात मी एक ओळ घातली: 'दुसरे वाचन आवश्यक असल्याचे सचिवांनी निदर्शनास आणले.' सचिवाचं बोलणं इतिवृत्तात घालायची पद्धत नाही. मी मुद्दाम घातलं. माझं बरोबर होतं, एवढं तरी कुठंतरी कागदावर राहावं. इतिवृत्त कुणी वाचत नाही, एकगठ्ठा मंजूर करतात. तेही झालं. आणि त्या दिवसापासून मी तोंडात मिठाची गुळणी धरली. विचारलं तेवढंच सांगायचं, अक्षरभर जास्त नाही. तीन वर्षं धरली. चुकीच्या तारखा पडू दिल्या, चुकीची कलमं उद्धृत होऊ दिली, आणि त्यांना ती पुन्हा निस्तरताना पाहून मला बरं वाटायचं. का वाटू नये?

मग कोरीनचं प्रकरण आलं.

ट्विला राइन्की शाळेच्या जेवणघरात आहे. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, पण गाव एवढंसं की आम्ही एकमेकींना अगं-तुगं करतो. तिची कोरीन बारावीत होती. सप्टेंबरात गुडघ्याखाली दुखायला लागलं, ऑक्टोबरात ओमाहाच्या डॉक्टरांनी डावा पाय मांडीपासून कापला. हाडाचा कॅन्सर. पोरगी पाच महिने दवाखान्यात होती. फेब्रुवारीत परत आली ती डोक्याला रुमाल आणि नवा पाय घेऊन. तिथल्या पलंगावर बसून तिनं सगळे विषय पुरे केले होते, एक सोडून. नागरिकशास्त्र. ते आमच्याकडे फक्त पहिल्या सत्रात शिकवतात. ते ती उन्हाळ्यात करणार होती.

आणि आमचं धोरण असं, की शेवटच्या दिवशी ज्याचा एक जरी विषय बाकी असेल, त्यानं ग्रॅज्युएशनच्या, म्हणजे बारावी पास झालेल्यांना दाखले देण्याच्या, समारंभात स्टेजवर चालायचं नाही. त्यामागेही एक पोर होतं, त्याचा बाप वकील घेऊन आला होता. म्हणून मुख्याध्यापक आपल्या अधिकारात कुणाला सूट देत नाहीत. तेही त्याच कलमात आहे.

कोरीन 'ग्रॅज्युएशन' म्हणायचीच नाही. 'चालणं' म्हणायची. "मी मेमध्ये चालणारे." आमच्या स्टेजला चढायला तीन पायऱ्या, मग बावीस पावलं, मग उतरायला तीन पायऱ्या, कठड्याशिवाय. वाढप उरकलं की ट्विला एप्रन सोडून जिममध्ये यायची आणि मायलेकी सराव करायच्या. माझ्या ऑफिसची एक काच जिमकडे उघडते. मी कॉफी घेऊन बघायची. पोरगी पडायची तेव्हा ट्रक ड्रायव्हरसारख्या शिव्या द्यायची, आणि ट्विला तिला उचलायची नाही. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहायची.

"ऊठ," म्हणायची. "अजून नऊ राहिलीत."

"आई, तू अगदी राक्षसीण आहेस."

"हो. ऊठ आता."

फेब्रुवारीच्या सभेत ट्विला बोलायला उभी राहिली. बोलणाऱ्याला तीन मिनिटं मिळतात. माझ्या टेबलावर तीन दिवे असतात, हिरवा, पिवळा, लाल, आणि त्यांचं बटण माझ्या हाताखाली. बोलणाऱ्याला बोर्डानं उत्तर द्यायचं नसतं, तेही धोरणच, म्हणून सहाही जण कागदात तोंड घालून बसतात. ट्विलानं चिठ्ठी लिहून आणली होती, पण वाचली नाही.

"एकच विषय राहिलाय," ती म्हणाली. "किंडरगार्टनपासून ती ह्याच पोरांबरोबर आहे. तिला त्यांच्याबरोबर चालायचंय. पुढच्या वर्षी चालून तिला काय करायचंय? पायऱ्या चढता येतील की नाही, ते आमचं आम्ही बघू. तुम्ही फक्त नाव यादीत घाला." पिवळा दिवा लागला तेव्हा ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली. सव्वा मिनिट उरलं होतं.

रेक्सचे डोळे भरून आले होते. खोटं नाही सांगत, तो वाईट माणूस नाही. वाईट माणसं ओळखायला सोपी असतात. "ट्विला," उत्तर द्यायचं नसतानाही तो म्हणाला, "एका पोरासाठी नियम मोडता येत नाही. उद्या दुसरा येईल. पण सगळ्यांसाठी नियम बदलता येतो. आम्ही धोरण करू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लिहिलं: 'विषय धोरण समितीकडे.'

मार्चमध्ये समिती स्ट्रूपसाहेबांच्या खोलीत बसली. साहेब, रेक्स आणि बोर्डावरच्या मार्लिसबाई. जेवणघरातून राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल आले होते. ट्विलानंच ताटं पाठवली होती, रेक्सच्या ताटात दोन रोल. लिंकनच्या मसुद्यातल्या जागा भरत गेले. 'दीर्घ आजारामुळे' असं लिहून झालं, तेव्हा मार्लिसबाई बोट चाटत म्हणाल्या, "आजारच कशाला? 'आजार किंवा बोर्डास योग्य वाटेल असे अन्य कारण', असं घाला. कुणाला कधी काय लागेल, सांगता येतं का?"

"हुशार आहात," रेक्स म्हणाला. "आणि अर्ज एक मार्चच्या आत करायचा. नाहीतर शेवटच्या दिवशी रांग लागेल. ट्विलाचा अर्ज झालाच आहे म्हणा."

"आर्डिथ," साहेबांनी विचारलं, "पहिलं वाचन एप्रिलमध्ये. मग दुसरं कधी येतं?"

"नऊ मे," मी म्हटलं.

त्यांनी पॅडवर लिहिलं, नऊ मे. त्यांच्या डोक्याच्या मागेच शाळेचं कॅलेंडर होतं आणि त्यात सात मे, शनिवार, ह्या तारखेभोवती मीच काढलेला लाल गोल होता. ग्रॅज्युएशन. साहेबांनी मान वळवली असती तरी दिसला असता. रेक्स तर त्याच्या समोरच बसला होता. पण तो रोलवरची साखर खरवडत होता. नऊ तारीख सातच्या नंतर येते, एवढं गणित तिघांतल्या एकाला तरी जमेल, असं मला वाटलं. जमलं नाही. मी पेन्सिलीला टोक काढत बसले. मला विचारलं होतं तारखेचं, ते मी सांगितलं.

एप्रिलमध्ये पहिलं वाचन झालं. ट्विला आणि कोरीन दोघी पुढच्या रांगेत. साहेबांनी मसुदा वाचला, रेक्सनं मतं मागितली, सहा हात वर झाले, आणि रेक्स असा खणखणीत 'मंजूर!' म्हणाला की मागच्या लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. कोरीन उठून उभी राहिली, काहीही न धरता, आणि लोकांनी आणखी जोरात वाजवल्या. मी बोर्डाकडे बघत होते. आता कुणीतरी म्हणेल, 'दुसरं वाचन माफ करू.' दोन सेकंदांचं काम. कोल्टरमनच्या वेळी केलंच होतं. स्ट्रूपसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे त्यांना काहीतरी आठवत होतं, पण काय ते आठवत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग रेक्स म्हणाला, "पुढचा विषय, छताची गळती."

तेव्हा बोलायला हवं होतं. मला कळत होतं. जिभेवर आलं होतं. आणि त्याच जिभेवर तीन वर्षांपूर्वीचं ते हसू होतं, लायब्ररीभर पसरलेलं, त्याच खुर्च्यांत. मी मनात म्हटलं, विचारा ना. तुम्हाला लोकांनी निवडून दिलंय. एकदा माझ्याकडे वळून 'आर्डिथ, काही राहिलं का?' एवढं विचारा. कुणी विचारलं नाही. मी छताची गळती लिहून घेतली.

सभेनंतर गाड्यांपाशी ट्विलानं मला मिठी मारली. तिच्या कोटाला कांद्याचा वास होता.

"झालं गं, आर्डिथ! झालं एकदाचं! मला वाटलं होतं, कमीत कमी दोघं तरी विरोध करतील. सहाच्या सहा!"

"सहाच्या सहा," मी म्हटलं.

"उद्याच झगा आणि टोपी मागवते. आणि तू यायचंस हं घरी, नंतर केक आहे. लेरॉयलाही आण. चालेल ना?"

एप्रिलमधला वारा होता, तिचा कोट उडत होता. तिला इथं अडवून सांगणं काहीच कठीण नव्हतं. बाई, हे पहिलं वाचन होतं. अजून एक आहे, ते समारंभानंतर आहे. आत्ताच्या आत्ता रेक्सच्या घरी जा, त्याला खास सभा बोलवायला लाव, महिना हातात आहे. एवढंच. मी म्हटलं, "चालेल की."

आठ दिवसांनी आमंत्रणाचं कार्ड आलं. त्यावर कोरीनचा फोटो, रुमाल नाही, डोक्यावर नुकते उगवलेले केस, बदकाच्या पिलासारखे. ती आखूड चड्डी घालून गवतात उभी होती आणि लोखंडी पाय सगळ्यांना दिसेल असा पुढे टाकलेला होता. मी ते कार्ड फ्रिजवर लावलं. लेरॉय म्हणाला, "धाडसी पोरगी आहे." मी म्हटलं, "आहे."

सहा मे, शुक्रवार, दुपारी जिममध्ये तालीम होती. मुख्याध्यापक डेनिंग नव्यानं आलेला माणूस. नियमाला घट्ट. त्याच्या हातात यादी होती, ती माझ्याच ऑफिसातून गेलेली. लागू असलेल्या धोरणाप्रमाणे केलेली. बत्तीस नावं. मी काचेतून बघत होते. पोरं झगे घालून आडनावांच्या अक्षरक्रमानं रांगेत उभी राहिली. कोरीन आपल्या जागी, 'र'मध्ये, दोन शेतकऱ्यांच्या पोरांच्या मध्ये. झगा थोडा आखूड शिवून घेतला होता, पाय अडकू नये म्हणून.

डेनिंग नावं घेत गेला आणि तिच्यावरून पुढे गेला.

"सर, मी राहिले," ती म्हणाली. काच बंद असली तरी जिममधलं सगळं ऐकू येतं.

त्यानं यादी पाहिली. पुन्हा पाहिली. "तुझं नाव नाहीये."

"धोरण बदललं ना. एप्रिलमध्ये. मी होते तिथं."

"त्याचं दुसरं वाचन सोमवारी आहे," डेनिंग म्हणाला. तो बिचारा विषयपत्रिका वाचणारा एकमेव माणूस निघाला. "आज जुनंच लागू आहे. मी... तू जरा तिकडे बस. मी फोन करून बघतो."

ती प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्यांवर जाऊन बसली. जाताना तिनं मोजली असतील, मला माहीत नाही, पण मी मोजली. अठरा पावलं. एकदाही लटपटली नाही. तिच्या वर्गातली पोरं जमिनीकडे बघत होती. कुणीतरी म्हणालं, "अरे, हे काय भिकार काम आहे," तर डेनिंगनं त्यालाच दटावलं. आणि जेवणघराच्या दारात ट्विला येऊन उभी राहिली, हात पाठीमागे घट्ट धरून.

तीन चाळीसला माझा फोन वाजला. रेक्स.

"आर्डिथ, हा काय घोळ आहे? एप्रिलमध्ये आपण केलं ना मंजूर?"

"पहिलं वाचन."

मग त्याचा आवाज खाली आला. "काही मार्ग आहे का? आज सभा बोलावली तर? सगळ्यांना मी गाडीत घालून आणतो."

"खास सभेची सूचना आधी छापावी लागते. आपलं वर्तमानपत्र बुधवारी निघतं. ह्या आठवड्याचं निघून गेलं."

"आणि ते... कोल्टरमनच्या वेळी काहीतरी केलं होतं ना आपण?"

"दुसरं वाचन माफ केलं होतं. त्यालाही सभा लागते. एप्रिलमध्ये होती."

"अगं मग एप्रिलमध्ये का नाही बोललीस?" तो ओरडला. "तू तिथंच होतीस! तुला माहीत होतं!"

तीन वर्षं मी हे वाक्य तयार ठेवलं होतं. भांडी घासताना म्हणून पाहिलं होतं, गाडी चालवताना म्हणून पाहिलं होतं.

"रेक्स," मी म्हटलं, "मला तुम्ही लिहायला ठेवलंय. बोलायला नाही."

मला बरं वाटलं. हे लपवून काय उपयोग? पोटभर जेवल्यासारखं बरं वाटलं. मग मी काचेतून पाहिलं. बत्तीस जण स्टेजवरून एकेक करून चालत होते आणि कोरीन पायऱ्यांवर बसून झग्याची चेन खाली ओढत होती. ती अडकली होती. तिला ती निघत नव्हती आणि ती ओढतच होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. ट्विला आली. समारंभानंतरच्या केकवर तिची ड्यूटी होती. तिनं तीनशे माणसांना केक कापून दिला. "अभिनंदन," प्रत्येकाला म्हणाली. माझ्या हातात बशी ठेवतानाही म्हणाली, सवयीनं.

सोमवारी दुसरं वाचन झालं. वरातीमागून घोडं. सहा हात, टाळ्या नाहीत. रेक्सनं ठराव मांडला की कोरीन राइन्कीला पुढच्या वर्षी सन्मानानं स्टेजवर चालण्याचं निमंत्रण द्यावं. तोही एकमतानं. ते पत्र मीच टाइप केलं. उत्तर दोन ओळींचं आलं: 'पुढच्या वर्षीच्या वर्गात मी कुणाला ओळखत नाही. आभार.' जुलैमध्ये तिनं नागरिकशास्त्र पुरं केलं, वर्गात पहिली आली, आणि लिंकनला नोकरीला निघून गेली. दाखला मी पोस्टानं पाठवला, मधे पुठ्ठा घालून, घडी पडू नये म्हणून.

इथं हे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या एप्रिलमध्ये रेक्सच्या नातवाचं आलं. ट्रेस होलमन. वर्षभर घोड्याबैलांच्या स्पर्धा करत तीन राज्यं फिरला, अडतीस दिवस गैरहजर, इंग्रजी बाकी. 'बोर्डास योग्य वाटेल असे अन्य कारण' त्याच्यासाठीच लिहून ठेवल्यासारखं होतं. अडचण एवढीच की एक मार्चच्या आत अर्ज करायचा त्याच्या आईला सुचलं नाही. तेव्हा एक मार्चचं पंधरा एप्रिल करायचं ठरलं. रेक्स, नातं असल्यामुळे, पाच मिनिटं बाहेर जाऊन उभा राहिला. स्ट्रूपसाहेबांनी ह्या वेळी कलम चिठ्ठीवर लिहूनच आणलं होतं. पहिलं वाचन, दुसरं वाचन माफ, पाच हात. चार मिनिटं लागली. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी काही बोलले नाही.

बुधवारच्या वर्तमानपत्रात एक ओळ आली: 'बोर्डाने दुसरे वाचन माफ करून दुरुस्ती तत्काळ लागू केली.' गुरुवारी सकाळी दहा वाजता ट्विला माझ्या खिडकीशी उभी होती. एप्रनवरच.

"माफ करता येतं?" तिनं विचारलं.

"येतं."

"कधीपासून?"

"आधीपासून आहे."

ती थोडा वेळ काउंटरवर बोट घासत राहिली. "आधी कधी केलंय का? मला ते कागद हवेत. सगळे."

मी तिला अर्ज दिला. तिनं तिथंच उभ्यानं भरला. सरकारी कागद मागितला तर उत्तर द्यायला कायद्यानं चार दिवस मिळतात. कागद माझ्या मागच्याच कपाटात होता, दुसऱ्या खणात. मी चारही दिवस घेतले.

चौथ्या दिवशी ती आली. मी पान पुढे सरकवलं. ती सावकाश वाचते, बोट ओळीखाली धरून. कोल्टरमनचं कलम. पहिलं वाचन. मग बोट थांबलं.

"'सचिवांनी निदर्शनास आणले,'" तिनं वाचलं. "सचिव म्हणजे तूच ना?"

"मीच."

"म्हणजे त्या दिवशी तू बोललीस."

"बोलले. आणि सगळी हसली मला. तुला आठवत नसेल, तूही होतीस तिथं, मागच्या रांगेत. तूही हसलीस."

हे मला बोलायचं नव्हतं. मला स्वतःलाही माहीत नव्हतं की मी ते धरून बसलेय. ट्विला माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखी. तिला खरंच आठवत नव्हतं.

"असेन हसले," ती म्हणाली. "फुटबॉलसाठी तोंड उघडलंस तू, आर्डिथ. माझ्या पोरीला मिठी मारून घरी पाठवलंस."

मी पान काउंटरवर सरळ केलं.

"ह्याच्यावर शिक्का मारून दे," ती म्हणाली. "खरी प्रत म्हणून."

मी शिक्का मारला, सही केली, तारीख घातली. तिनं कागदाची घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली आणि वाढपाची वेळ झाली होती म्हणून गेली.

मला वाटलं होतं, ती ते वर्तमानपत्राला देईल. बोर्डापुढे तीन मिनिटं वाचेल. मी दिव्यांच्या बटणावर हात ठेवून तीन सभा वाट पाहिली. ती आली नाही. कोरीनला तिनं सांगितलं की नाही, तेही मला कळलं नाही, आणि विचारायची सोय राहिली नाही.

दुपारी बारा वाजता मी ताट घेऊन रांगेत उभी राहते. दुसरीकडे जेवायला गावात जागा नाही. ट्विला पळी भरून वाढते. चिलीच्या दिवशी रोल देते, मधला, मऊ, कडेचा नाही. "आणखी हवं का, आर्डिथ?" एवढंच विचारते. रोज विचारते, आणि मी उत्तर देईपर्यंत पळी हातात धरून थांबते.